भट्टीवरची खोली

पाय खाली टेकवला आणि फरशी गार लागली. एवढंच झालं. दुसरी कुणी असती तर तिनं चपला चाचपल्या असत्या आणि न्हाणीघराकडे निघून गेली असती. मालकीण मात्र पलंगाच्या काठावर तशीच बसून राहिली, एक पाय जमिनीवर, दुसरा अजून पांघरुणात, जणू चारचौघांत तिला कुणी उलट उत्तर दिलं होतं. कारण या खोलीची फरशी गार नसते. खाली बेकरी, बेकरीत भट्टी आणि भट्टीच्या बरोबर डोक्यावर ही खोली. घर बांधलं तेव्हा नवरा म्हणाला होता, इथं मैद्याची पोती ठेवू, माणूस झोपला तर भाजून निघेल. ती म्हणाली होती, भाजू दे, पण भट्टी पेटली की नाही हे विचारायला मी जिना उतरणार नाही, माझ्या पायाला कळलं पाहिजे. आणि पायाला कळत आलं होतं. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा, घर माणसांनी भरलेलं असताना, रडता रडता तिला पायानंच कळलं की खाली कुणीतरी लाकूड कमी घातलंय. नाक पुसून ती मुलाला म्हणाली होती, जा, बघून ये, लोकांना उद्याही पाव लागणार आहे.

उजव्या पायातला मोजा झोपेत कधीतरी निसटला होता. मोजे सुनेनं घालायला लावलेले, लोकरीचे, जाडजूड. केमोच्या मागच्या डोसानंतर तिनं हे नवीनच काढलं होतं. रोज वाकून, लहान पोराला घालावेत तसे स्वतः घालायची आणि वर म्हणायची, काढायचे नाहीत हं आई. मालकिणीला ते आवडलं नव्हतं आणि थोडं आवडलंही होतं. आता तो मोजा पांघरुणात कुठंतरी मेलेल्या उंदरासारखा पडला असेल. खालून पाव भाजायच्या पत्र्यांचा आवाज येत होता. पत्रा पत्र्यावर आपटल्याचा, मग थोडं थांबून पुन्हा. म्हणजे काम चालू होतं. कान म्हणत होते पेटलीय, पाय म्हणत होता विझलीय, आणि मालकीण दोघांच्या मध्ये पंचासारखी बसली होती. खरं सांगायचं तर त्या दोघांतल्या एकावरही तिचा भरवसा उरला नव्हता.

कारण हे औषध अंगात गेल्यापासून अंगानं खोटं बोलायला सुरुवात केली होती. आधी जीभ. साधं पाणी प्यायलं तरी तोंडात खिळे ठेवल्यासारखं लागायचं, म्हणून घरातले चमचे जाऊन प्लास्टिकचे आले. तिच्या घरात प्लास्टिकचे चमचे, जिनं आयुष्यभर पाहुण्यांना सांगितलं की प्लास्टिकमध्ये खाणं म्हणजे बाहुलीच्या घरचं जेवण. मग बोटं. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या आणि गेल्याच नाहीत, पदराची पिन लावायला सुनेला हाक मारावी लागायची. मग तोंड आलं, आतून सोललेल्या कांद्यासारखं, आणि केस गेले, ते मात्र एकदम गेले, निदान त्यांनी कटकट केली नाही. आणि नाक. नाक तर चहाडखोर नणंदेसारखं झालं होतं. एवढंसं असलं तरी मोठं करून सांगायचं. शेजारी कुणी साबण लावला तर हिला कळायचं. मुलगा जिन्यात उभा राहिला तर त्याच्या शर्टाच्या घामाचा वास त्याच्याआधी वर यायचा. आणि प्रत्येक वासाच्या शेपटाला बांधलेली ती, मळमळ. ओकारी परवडली, ओकारी येते आणि जाते, तिला निदान काम असतं. मळमळीला काही काम नसतं. ती उंबऱ्यात येऊन बसते, आत येत नाही, बाहेर जात नाही, तोंडाला नुसतं पाणी सोडत राहते.

"अगं ए," तिनं हाक मारली.

सून आली. हातात गार दुधाची वाटी, वर बशी झाकलेली, वास निघू नये म्हणून.

"फरशी गार का लागतेय?"

सुनेनं आधी उघड्या पायाकडे पाहिलं, मग पांघरुणात हात घालून मोजा शोधला. "औषधानं तसं होतं, आई. डॉक्टर म्हणाले होते ना, पाय गार पडतील म्हणून."

"पाय गार पडतील म्हणाले होते. फरशीचं काही बोलले नव्हते."

"तेच ते. पायच गार, म्हणून फरशी गार वाटते."

"शहाणी आहेस." मालकिणीनं पाय पुढे केला. सुनेनं मोजा चढवला, टाचेवर नीट ओढला, आणि वर न बघता विचारलं, "दूध घेता ना? काल दोन्ही वेळा ठरलं पोटात."

ठरलं होतं, हे मात्र खरं. गेले काही दिवस पोटात ठरायला लागलं होतं, आणि मालकिणीनं याचं श्रेय कुणाला दिलं नव्हतं, स्वतःलाच ठेवलं होतं. डोस घ्यायला ज्या हॉलमध्ये बसवतात तिथं एका ओळीत आरामखुर्च्या असतात, प्रत्येक खुर्चीपाशी सलाईनचा खांब, आणि बायका बसतात जशा केस कापायला बसल्यात, फरक इतकाच की कापायला केस नसतात. तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक मास्तरीण असायची, निवृत्त झालेली, कानटोपी घातलेली. मास्तरणीला सगळं माहीत. आल्याचा तुकडा दाढेखाली धरायचा, लिंबाची साल हुंगायची, लाल औषध आत जात असताना बर्फ चोखायचा म्हणजे तोंड कमी येतं, पोट कधी रिकामं ठेवायचं नाही, गार खायचं, गाराला वास कमी. मालकिणीनं हे सगळं ऐकून घेतलं होतं, तोंड वाकडं करून, आणि घरी जाऊन सगळं केलं होतं. काही उपयोग झाला नव्हता. हॉस्पिटलचं फाटक दिसलं की गाडीतच तोंडाला पाणी सुटायचं. अजून सुई टोचलेली नसायची, सिस्टरनं हाताला नुसतं स्पिरिट चोळलं की त्या वासानं आतडी वर यायची. मास्तरीण म्हणाली होती, "तुमच्या पोटाला आठवण राहतेय हो, ते पाठांतर करतंय."

"मग त्याला नापास करा की," मालकीण म्हणाली होती. "तुमचा धंदाच तो."

आणि घरी तर त्याहून वाईट, कारण घरी पाव होता. लोक म्हणतात, पावाच्या वासानं मेलेला माणूस उठेल. सकाळी शाळेत जाणारी पोरं बेकरीच्या दारात मुद्दाम रेंगाळायची. तिनंच एकदा कुणाला तरी सांगितलं होतं, माझी जाहिरात वारा करतो, फुकट. आणि तोच वास एका सकाळी जिन्यातून वर आला, दाराच्या फटीतून आत शिरला आणि तिच्या उशीवर येऊन बसला, गरम, गोडसर, आंबूस, आणि तिला वाटलं हे कुणाचं तरी अंग आहे, कुणीतरी आजारी माणूस माझ्या तोंडाशी तोंड लावून श्वास घेतंय. त्या दिवशी ती पहिल्यांदा पलंगावरच ओकली. मागच्या खोलीत नेलं, तिथंही वास आला. खिडक्या बंद केल्या, फटींत फडकी कोंबली, वास भिंतीतून आला. मुलगा म्हणाला, मावशीकडे राहायला जा महिनाभर. ती म्हणाली, माझं घर सोडून दुसऱ्याच्या दारात ओकायला मी जाणार नाही. घरातल्या घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाईन, पण घरात. वजन उतरत गेलं. डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन काहीतरी बोलले आणि मुलगा परत आला तो चेहऱ्यावर हसू चिकटवल्यासारखा. तिनं ते काढायला लावलं. तेव्हा तो म्हणाला, अजून वजन घटलं तर पुढचा डोस देणार नाहीत, अंग पेलणार नाही म्हणतात. "आणि डोस नाही दिला तर?" तिनं विचारलं. मुलगा खिडकीच्या फटीतली फडकी पुन्हा कोंबू लागला. लहानपणापासून त्याला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणूनच धंद्यात तो कच्चा.

आणि मग, मागच्या डोसानंतर, वास येईनासा झाला. हळूहळू नाही, एकदम. पहिल्या सकाळी तिनं अंग चोरून वाट पाहिली, आता येईल, आता येईल. आलाच नाही. पत्र्यांचे आवाज येत होते, वास नव्हता. नवीन गोळी दिली होती, जिभेखाली ठेवायची, ती लागू पडली असं सून म्हणाली. मालकिणीनं मनात म्हटलं, गोळी कसली, मी दम दिला. जी माझ्या तोंडी लागली तिचं काही खरं नसतं, मग ती सून असो, गिऱ्हाईक असो की ही रांडेची मळमळ. त्या दिवशी तिनं उकडलेला बटाटा खाल्ला, गार, मीठ न घालता, आणि तो पोटात राहिला. काट्यावर उभं राहिल्यावर काटा अंमळ सरकला. मुलानं पेढे वाटावेत तसा चेहरा केला. तिला वाटलं होतं, आता दिसतंय, पलीकडचा काठ दिसतोय. हे डोस संपतील, एके दिवशी मी खाली जाईन, फळीपाशी उभी राहीन, पिठाच्या गोळ्यावर बोट दाबून बघेन की खड्डा भरून येतोय का, आणि कुणाच्या तरी नावानं ओरडेन. या एका गोष्टीसाठी ती खुर्चीवर बसत होती, सुईला हात देत होती. जगायची हौस वगैरे गोष्टी मास्तरणीकडे होत्या, नातवंडं, तीर्थं, बागेतली झाडं. मालकिणीला फक्त खाली जायचं होतं.

सून वाटी ठेवून गेली. दूध तसंच राहिलं. मालकिणीनं मोजा पुन्हा ओढून काढला. पायाला विचारायचं नाही, ठरलं. हात टेकवून बघावा तर हातही त्याच टोळीतला, टोकं बधिर. अंगावरची कुठली जागा अजून खरं बोलते, याचा तिनं असा विचार केला जसा एखादी बाई नातेवाइकांत कुणावर विसंबावं याचा करते, एकेक नाव घेत, एकेक खोडत. मग ती पलंग धरून खाली उतरली, आधी गुडघ्यांवर, मग हातांवर, दार लोटलेलं आहे ना ते एकदा पाहिलं, आणि डोक्याचा रुमाल सोडून केस नसलेलं डोकं फरशीवर टेकवलं. डोकं नवं होतं. त्याला खोटं बोलायला अजून कुणी शिकवलं नव्हतं. फरशी गार होती. नुसती गार नव्हे, मुरलेली गार, एका दिवसात येत नाही तशी. ज्या घरात कुणी राहत नाही त्या घरातल्या फरशीसारखी. कानाशी खालून पत्रा वाजला, ठण्ण, मग थांबला. आणि तिच्या लक्षात आलं की ती इतके दिवस पत्र्यांचा आवाज ऐकतेय, पण लाकूड फुटल्याचा आवाज ऐकलेला नाही, भट्टीचं दार उघडतानाचं जाड लोखंडी कण्हणं ऐकलेलं नाही, कुणी कुणाला शिवी दिलेली ऐकलेली नाही. पत्रे आपापसांत आपटत होते, शिस्तीत. काम असं वाजत नाही. काम वेडंवाकडं वाजतं.

जिना तिनं बसून उतरला. एकेक पायरी, बूड टेकवत, जशी घरात रांगतं पोर उतरतं. मध्येच दम लागला, मध्येच पोट ढवळलं, ती थांबली आणि त्याला म्हणाली, आता नाही. ते थांबलं. मधल्या वळणावर भिंतीतून धुराडं वर जातं, तिथं हिवाळ्यात मांजर झोपायचं. तिनं गाल लावून पाहिला. मांजरही नव्हतं.

भट्टीवाला भट्टीसमोर उलट्या डब्यावर बसला होता. तिच्या नवऱ्याबरोबरचा माणूस, दोघं मिळून दुसऱ्याच्या बेकरीत राबलेले, म्हणून तिला वहिनी म्हणणारा. त्याच्या एका बाजूला चहाचा पेला, दुसऱ्या बाजूला रिकामे पत्रे, एकावर एक. त्यानं एक पत्रा उचलला, दुसऱ्यावर टाकला. चहाचा घोट घेतला. थोडं थांबून, मान तिरकी करून वरच्या खोलीचा कानोसा घेतला. मग दुसरा पत्रा उचलला. इतकं मन लावून तो ते करत होता की त्यात तिला आधी विनोदच दिसला. नवरा असता तर म्हणाला असता, वा, नाटकात घ्या याला. मग तिला भट्टीचं दार दिसलं, सताड उघडं, आत झाडलेलं, स्वच्छ. दारात प्लास्टिकच्या पेट्या, त्यांत दुसऱ्या कुणाच्या कारखान्यातले पाव, पिशव्यांत बांधलेले, सगळे एका मापाचे, जुळ्यांसारखे.

"किती दिवस वाजवताय?" ती म्हणाली.

पत्रा त्याच्या हातात तसाच राहिला. "वहिनी. तुम्ही कशाला उतरलात."

"कार्यक्रम बघायला. तिकीट नाही ना?"

त्यानं पत्रा खाली ठेवला, या वेळी आवाज न करता. म्हातारा माणूस, पण चूक पकडली गेलेल्या पोरासारखं हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. "तुमच्या पोटात पाणी ठरत नव्हतं हो. तुमचा मुलगा रडला इथं, या फळीवर डोकं ठेवून. म्हणाला, काका, विझवा. मी म्हटलं, वहिनींना कळलं तर माझी राख करतील. तो म्हणाला, कळू द्यायचं नाही."

मुलगा आणि सून मागून धावत आलेच. सून "आई, पडाल" म्हणत होती. मालकिणीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीपाशी गेली. तिथल्या कोनाड्यात बरणी असते. बरणी होती, पण पालथी. घासलेली, पुसलेली, कोरडी. तिनं ती सुलटी करून आत नाक घातलं. साबणाचा वास.

त्या बरणीत खमीर होतं. मैदा आणि पाणी, एवढंच, पण जिवंत. लग्नानंतर भाड्याच्या खोलीत तिनं ते खिडकीत ठेवलं होतं, आधीची कुजली, नासली, हिरवी पडली, आणि मग एक धरलं, बुडबुडे आले. तेव्हापासून रोज त्यातलं मूठभर पिठात घालायचं आणि उरलेल्याला पुन्हा मैदा-पाणी द्यायचं. रोज म्हणजे रोज. बाळंतपणाला गेली तेव्हा बरणी मांडीवर घेऊन गेली. नवरा म्हणायचा, ही माझी सवत आहे, हिला माझ्याआधी जेवू घालतेस. ती म्हणायची, ती तुमच्यासारखी उलटून बोलत नाही, फक्त फुगते. दुकानात मिळणारं पुडीतलं खमीर तिनं कधी आणू दिलं नाही. पुडीतल्यानं पाव फुगतो, चव येत नाही, ते म्हणजे हसणाऱ्या माणसाचा फोटो. आजारी पडल्यावर बरणीला रोज जेवू घालायचं काम तिनं सुनेला दिलं, चाव्या देतात तसं, आणि मग आठवडाभर तिच्या मागे उभी राहून तिच्या चुका काढल्या.

"हे कुणी केलं?"

सून पुढे आली. मानली तिला, मालकीण मनात म्हणाली, नवऱ्याच्या आड लपली नाही. "मी."

"का?"

"तुम्ही सांगितलंत."

"मी?"

"मागच्या डोसाच्या दुसऱ्या दिवशी. मी वर बरणी घेऊन आले होते, तुम्हीच एकदा आणून दाखवायला सांगितलं होतं ना. झाकण काढलं आणि तुम्हाला उमासे सुरू झाले. तुम्ही म्हणालात, फेक ते नासकं. मी म्हटलं, आई, खमीर आहे. तुम्ही म्हणालात, कळतंय मला काय आहे ते, फेक म्हटलं ना, मोरीत ओत आणि बरणी घास, माझ्या डोळ्यांसमोर हे पुन्हा आणलंस तर तुला घराबाहेर काढीन."

"आणि तू ओतलंस."

"तुमचा शब्द या घरात दुसऱ्यांदा बोलावा लागलाय का कधी?" सुनेच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याच्याशी झुंजता आलं असतं. "मी मोरीपाशी उभी राहून रडले. पण ओतलं."

मालकिणीनं आठवायचा प्रयत्न केला. ती दुपार होती तिच्याकडे, पण फाटक्या कपड्यासारखी. बादलीचा निळा काठ आठवत होता. नाकातून आलेलं कडू पाणी आठवत होतं. आणि कुठंतरी लांब, भिंतीपलीकडे भांडण चालावं तसा, एका बाईचा आवाज, तिखट, कुणाला तरी झापणारा. त्या वेळी तिला वाटलं होतं, कोण ही भवानी, आजाऱ्याच्या घरात ओरडतेय. आता कळलं. इतक्या वर्षांत तिनं या माणसांना एकच गोष्ट शिकवली होती, की माझ्या शब्दापुढे विचार करायचा नाही. मुलाला लहानपणी त्यासाठी मारलं होतं, सुनेला पहिल्या वर्षी त्यासाठी रडवलं होतं, भट्टीवाल्याला तर चारदा कामावरून काढून पाचव्यांदा घेतलं होतं. धडा पक्का बसला होता. मास्तरीण असती तर पहिला नंबर दिला असता. कुणाला दोष द्यावा म्हणून तिनं इकडे तिकडे पाहिलं, तर सगळीकडे तीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आणि ती गोळी, आणि तो दम, आणि तो पोटात राहिलेला बटाटा. त्यातलं काहीच तिनं कमावलेलं नव्हतं. तिच्यासाठी घर विझवलं होतं, म्हणून पोट शांत होतं. पलीकडचा काठ म्हणून ती जे बघत होती, ते यांनी रंगवून धरलेलं फडकं होतं.

"भट्टी पेटवा," ती म्हणाली.

"आई," मुलगा पहिल्यांदा बोलला. "परवा वजन करायचंय. परवाच ठरणार आहे डोसाचं. तेवढं होऊ दे, मग मी स्वतः पेटवतो."

"आणि पुढच्या डोसाला? त्याच्या पुढच्या? गिऱ्हाईक तोवर दारात बसून राहणार आहे? काय हो, लोक काय म्हणतात पावाला?"

भट्टीवाला खाली बघत म्हणाला, "हॉटेलवाल्यानं बंद केला. शाळेवाले विचारतात, मालकीण बरी नाही का."

"ऐक," ती मुलाला म्हणाली. "मी बरी होऊन खाली आले आणि खाली काही नसलं, तर मी कशाला बरी होऊ? पुडी आणा. पुडीतलं घाला. चव गेली तर गेली, माझ्याही तोंडाची गेलीय. पण पेटवा." मग तिनं सगळ्यांना एकदा बघून घेतलं, एकेकाला, जसं पगाराच्या दिवशी बघायची. "आणि अजून एक. आजपासून मी ओकत असताना जे बोलेन ते या घरात कुणी ऐकायचं नाही. मी हात जोडले, पाया पडले, शिव्या दिल्या, तरी नाही. तो माझा शब्द नव्हे. हा माझा शब्द आहे, हा आत्ताचा. कळलं का?"

"कळलं," सून म्हणाली.

"तुझ्यावर सोपवते. या दोघांत दम नाही."

मुलानं तिला उचलून वर नेलं. तिनं उचलू दिलं. जिना चढताना त्याला धापही लागली नाही, आणि तिला त्याच्या छातीवरूनच कळलं की तिचं वजन किती उरलंय, परवाच्या काट्याची गरज नव्हती. पलंगावर टेकून ती बसली, पाठीशी उशा, मांडीवर बादली, दाढेखाली आल्याचा तुकडा, हातात लिंबाची साल. लढाईला निघालेल्या माणसासारखी. सून शेजारी स्टुलावर बसली. खाली लाकूड फुटलं. लोखंडी दार कण्हलं. भट्टीवाल्यानं कुणाला तरी आईवरून शिवी दिली आणि लगेच जीभ चावल्यासारखा गप्प झाला. मालकिणीला बरं वाटलं. वेडंवाकडं वाजत होतं. पीठ मळायला, फुगायला वेळ लागतो, त्या वेळात तिनं बशीखालचं दूध मागून घेतलं आणि घोटघोट करून संपवलं. सुनेला म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांचा पहिल्या भट्टीचा पाव करपला होता. म्हणाले, काळा आहे पण आपला आहे." सून हसली. दोघी एकाच वेळी हसल्या असं या घरात फार वेळा झालं नव्हतं.

दुपार कलताना वास आला.

आधी नुसता गरमपणा, वास म्हणावा असा नाही. तिनं साल नाकाशी धरली. मग गोड. मग ते दुसरं, गोडाच्या खालचं, अंगाचं. तिनं साल दाबली, रस डोळ्यात उडाला. तिनं आतल्या आत दम दिला, नेहमीचा, ज्यानं दुकानदार पैसे परत देतात. काही झालं नाही. तोंड पाण्यानं भरलं. दूध गेलं, पहिल्याच झटक्यात, मग कालचा बटाटा, मग पाणी, मग हिरवं, मग काही नाही आणि तरी तेच, पोट स्वतःलाच पिळत होतं, धोबी एकच कपडा पिळतो तसं. मध्ये श्वास घेतला तर श्वासातूनही पाव आत आला. बाहेर जायला जागा नव्हती. अंगाला दोनच दारं आणि दोन्हीतून तोच आत येत होता. आल्याचा तुकडा बादलीत पडलेला तिला दिसला, चघळलेला, लहानसा. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणतात, पण इथं कुत्रं आवरणारा कोण, तिनंच सोडलेलं.

"विझव," ती म्हणाली.

सुनेचा हात तिच्या पाठीवर होता. तो थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

"अगं विझवायला सांग." मग पुन्हा ओकारी, मग बादलीच्या काठावर कपाळ टेकवून, श्वास सापडल्यावर, अगदी हळू, "मी शुद्धीत आहे. मला सगळं कळतंय. मघाशी मी माजानं बोलले. मला नाही होणार हे. तू माझी लेक ना. जा, सांग खाली."

तिनं आयुष्यात कुणाला असं म्हटलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवाला तर नाहीच. आवाज तिचाच होता, भिंतीपलीकडचा नव्हता, प्रत्येक शब्द तिनं स्वतः निवडून, जिभेवरच्या जखमांवरून ओढत आणला होता. मघाचं सगळं, खालचं, पगाराच्या दिवशीसारखं बघणं, हा माझा शब्द म्हणणं, ते बोलणारी बाई कोण होती ते तिला आता आठवत नव्हतं. तिनं सुनेचा हात धरला. बोटं बधिर, म्हणून किती घट्ट धरलाय ते कळत नव्हतं, पण सुनेच्या चेहऱ्यावर दुखल्याचं दिसत होतं. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता, एक पाय आत, एक जिन्याकडे. त्यानं बायकोकडे पाहिलं. जाऊ का, असं ते बघणं होतं.

सुनेचे डोळे भरले होते. तिनं हात सोडवून घेतला नाही, जागची हललीही नाही.

"नाही, आई," ती म्हणाली.

खाली भट्टीवाल्यानं दार उघडलं, आणि दुसरी खेप आत सरकवली.